रिकाम्या कॉम्प्युटरचं दान

रात्री थीसिसची फाईल बंद करून मी जेवायला उठतो, तेव्हा कोल्हापुरातल्या माझ्या खोलीतला पीसी दुसऱ्याच्या संशोधनाला लागतो. त्यावर मी ‘बॉइंक’ हे मोफत सॉफ्टवेअर टाकून ‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा प्रकल्प जोडलाय.

2005 साली सुरू झालेला हा प्रकल्प वेधशाळांच्या डेटाचे छोटे तुकडे लोकांच्या कॉम्प्युटरवर पाठवतो. त्यात अमेरिकेतल्या लायगोचा डेटाही असतो. (लायगोच्या भारतातल्या वेधशाळेला 2023 मध्ये मंजुरी मिळाली, जागा आपल्या हिंगोली जिल्ह्यातली.) 2010 मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या डेटात सेकंदाला सुमारे 41 वेळा फिरणारा एक पल्सार याच पद्धतीने सापडला. तो दिसला अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटरवर.

दोन ठिकाणी का? कारण अनोळखी मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. तोच तुकडा दोघांकडे जातो, उत्तरं जुळली तरच स्वीकारतात. स्वतःचं गणित करतानाही ही सवय लावून घ्या.

दुसरी अट: तुकडे एकमेकांवर अवलंबून नकोत. प्रत्येक तुकडा शेजारच्याच्या उत्तराची वाट बघत बसला, तर हजारो कॉम्प्युटर असूनही उपयोग नाही. मोठं मशीन मागण्याआधी आपला प्रश्न असा फोडता येतो का, ते बघा.

आणि हो, वीजबिल वाढतं. सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या वापरावर मर्यादा घाला, लॅपटॉप बॅटरीवर असताना काम बंद ठेवा. कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर परवानगीशिवाय काही टाकू नका. दान स्वतःच्याच वस्तूचं करायचं असतं!