बी साइडची गाणी

‘हल्ली कुणी अल्बमच काढत नाही,’ ही तक्रार मराठी सुगम संगीतात बरीच वर्षं ऐकू येते. तक्रार खरी आहे. पण अल्बम म्हणजे आपली फार जुनी परंपरा, हे त्यात गृहीत धरलेलं असतं, ते तितकंसं खरं नाही.

१९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित झालं तेव्हा दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. मराठी भावगीत त्या तीन मिनिटांतच घडलं. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली, गजानन वाटव्यांच्या रेकॉर्डी घराघरांत वाजल्या, त्या एका बाजूला एक गाणं या हिशेबानंच. आणि ‘गीतरामायण’? तेसुद्धा १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक, असं ५६ गाण्यांतून लोकांपर्यंत पोचलं. तबकड्या नंतर आल्या. म्हणजे महिन्याला एक ‘सिंगल’ सोडणारे आजचे संगीतकार काही जगावेगळं करत नाहीत. फरक एवढाच, की ‘गीतरामायणा’चे कवी गदिमा आणि संगीतकार बाबूजी (सुधीर फडके) यांच्या पुढच्या गाण्याला मागच्या गाण्याचा धागा होता.

एलपीनं एका बाजूला वीसेक मिनिटं दिली आणि खऱ्या अर्थानं सलग काही मांडायची सोय झाली. राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला, १९७४ मध्ये, ‘शिवकल्याण राजा’ आला. रामदास, भूषण, कुसुमाग्रज असे वेगवेगळ्या काळांतले कवी, हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज आणि मधून बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. निवेदन वगळून ऐका. गाणी थोरच राहतात, पण इमारतीच्या खोल्या सुट्या झाल्यासारखं वाटतं.

मग कॅसेट आली. ती स्वस्त होती, एसटी स्टँडवरही मिळायची आणि तिला दोन बाजू होत्या. दोन्ही बाजू भरणं भाग होतं, ही माझ्या मते कॅसेटची सर्वांत मोठी देणगी. कंपनीला ‘चालणारी’ गाणी हवीत दोन. ती ए साइडला सुरुवातीला गेली, की उरलेल्या जागेत कवी-संगीतकाराला मोकळं रान. एखादी संथ चाल, अवघड वृत्त, नव्या गायिकेला पहिली संधी असं सगळं बी साइडला खपून जायचं. कॅसेट पुढे पळवण्याचा कंटाळा हाही त्या गाण्यांचा मोठाच आश्रयदाता!

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातला मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ आठवा. आधी सौमित्रची कविता, त्याच्याच आवाजात, घाई न करता, मग गाणं. पाऊस कवितेत सुरू होई आणि गाण्यात पोचे. आज प्लेलिस्टमध्ये नुसतं गाणं येतं, कविता मागेच राहते.

अल्बमची ही घसरण कुणा एकाच्या चुकीनं झाली नाही. फुटपाथवरच्या एमपीथ्री सीडीत शंभरावर गाणी पन्नास रुपयांत मिळू लागली. पाठोपाठ कॉलरट्यून आली आणि गाण्याचा एक तुकडाच विकला जाऊ लागला. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, यूट्यूब खेडोपाडी गेलं. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय गाणं मोजलंच जात नाही; मग दीड मिनिटाचा आलाप ठेवणार कोण? शिवाय व्हिडिओ आलाच, आणि आठ गाण्यांचे आठ व्हिडिओ कुणाला परवडणार?

याची दुसरी बाजूही आहे. जळगावकडून आलेल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये मराठी न कळणाऱ्यांनीही नाचत नाचत उचललं. लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा तोच. त्याला अल्बमची वाट धरायला लावली असती, तर कंपन्यांच्या दारातच त्याची काही वर्षं गेली असती.

सलग ऐकणं मात्र संपलं नाही, ते नाट्यगृहात गेलं. सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ २००३ पासून हेच करत आला: हसवणारं गाणं, मग कविता, मग एकदम गंभीर काही. तिकीट काढून बसलेला माणूस मधलं गाणं ओलांडू शकत नाही. सिंगलवाले आता स्टेज शो करतात तेव्हा अडचण इथेच येते. पदरी गाणी असतात वीस-पंचवीस, पण प्रत्येक गाणं पहिल्या तीस सेकंदांत खेचून घेणारं. दोन तासांत त्यांच्या अधेमधे काय म्हणायचं, ते नव्यानं लिहावं लागतं.