पॅराक्वाट आणि परक्याचे फुफ्फुस

बार्शी तालुक्यातील वैरागच्या परिसरात, तूर, सोयाबीन व द्राक्षे यांच्या रानांत खुरपणीला माणसे मिळेनाशी झाल्यापासून तणनाशकाची बाटली घराघरांत आली. पण त्यांपैकी पॅराक्वाट नावाच्या द्रव्यावर उतारा ठरेल असे एकही औषध वैद्यकशास्त्राला अद्याप सापडलेले नाही, हे ती विकत घेणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल?

या विषाचे क्रौर्य त्याच्या विलंबात आहे. रागाच्या वा नैराश्याच्या एका क्षणी ते पोटात गेलेला इसम पुष्कळदा शुद्धीवर असतो, बोलतो, झाल्या कृत्याचा पश्चात्ताप करतो, आणि नातलगांना वाटते की संकट टळले. परंतु त्याच अवधीत फुफ्फुसातील पेशी, शरीरातील काही स्वाभाविक द्रव्यांशी त्याचे साधर्म्य असल्यामुळे, ते रक्तातून आपण होऊन ओढून घेत असतात, प्राणवायूच्या योगे तेथील दाह अखंड चालू राहतो, आणि काही आठवड्यांत मऊ फुफ्फुस तंतुमय व कठीण होऊन जाते. प्राणवायू देतानाही डॉक्टरांस हात आखडता घ्यावा लागतो, तो याचसाठी.

मग निकामी फुफ्फुस काढून दुसऱ्याचे का बसवू नये? १९६८ साली एडिंबरो येथे पंधरा वर्षांच्या मुलावर तसा प्रयत्न झाला, पण नव्या फुफ्फुसालाही तोच विकार जडून तो सुमारे दोन आठवड्यांत दगावला. स्नायूंत दडलेले विष हळूहळू रक्तात उतरत राहते, हे टोरोंटोच्या शल्यविशारदांनाही पुढे अनुभवास आले. जिनिव्हात मात्र विषबाधेनंतर सुमारे सहा आठवडे थांबून केलेले प्रत्यारोपण यशस्वी झाले, त्याचा वृत्तांत १९९७ साली प्रसिद्ध झाला. आणि २०२३ साली, सोलापूरहून हमरस्त्याने गाठता येणाऱ्या हैदराबादेत, यशोदा रुग्णालयाने एका तरुणाची दोन्ही फुफ्फुसे बदलली.

तथापि तोवर यंत्राच्या आधारे जगणे, मेंदूमृत दात्याची वाट पाहणे, नंतर जन्मभर औषधे घेणे आणि त्याचा खर्च, हे सारे कितीशा कुटुंबांस झेपेल? म्हणून रोगी धडधाकट दिसला तरी बाटलीसह त्याला विनाविलंब सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात दाखल करणे, हाच पहिला इलाज. दक्षिण कोरियाने २०१२ साली या द्रव्याची विक्री बंद केली. त्यानंतर तेथे कीटकनाशके व तणनाशके पिऊन होणाऱ्या आत्महत्या पुष्कळ घटल्या आणि पिकांच्या उत्पन्नास बाध आला नाही. केरळने २०११ साली बंदी घातली. महाराष्ट्र सरकारनेही तसाच हुकूम काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.