मोरीतली परकी पाहुणी

रात्री मोरीच्या भोकातून चिकचिक करत कुणी आत शिरलं, की घरात एकच ओरड होते: उंदीर! झाडू उगारला जातो. भिंतीच्या कडेकडेनं सुळकन पळणारी ती असते चिचुंद्री, आणि उंदराशी तिचं नातं फार दूरचं आहे. वंशावळीत उंदीर माणसाच्या शाखेकडे पडतो, तर चिचुंद्री वटवाघूळ, गाय आणि चक्क मांजराच्या बाजूला. हा घोटाळा नावातही आहे. 1766 साली लिनियसनं तिला शास्त्रीय नाव दिलं त्यातला 'म्युरिनस' म्हणजे उंदरासारखी.

फरक तोंडातच दिसतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो कपाट, वायर, पोतं काहीही कुरतडतो. चिचुंद्रीचे दात बारीक आणि टोकदार, किड्यांचं कवच फोडण्यासाठी. झुरळं, रातकिडे, गांडुळं हा तिचा आहार; ओट्याखाली सांडलेलं उष्टंही ती सोडत नाही. नजर अधू असल्यानं सगळी भिस्त सोंडेसारख्या लांब नाकावर आणि मिशांवर. एवढ्याशा देहातली ऊब झपाट्यानं निघून जाते, म्हणून तिला सारखं खात राहावं लागतं.

वास मात्र खरा. कुशीवरच्या ग्रंथींतून येणाऱ्या त्या उग्र दर्पामुळे मांजर तिला मारतं, पण बहुधा खात नाही. ती बाटलीवरून गेली तर बूच लावलेली दारूही बाटते, असं इंग्रज साहेब मानत. दारू आधीच बिघडलेली असणार, आळ हिच्यावर!

पिल्लं जरा मोठी झाली की वरात निघते. पहिलं पिल्लू आईच्या शेपटीजवळची लव दातांत धरतं, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची. लांबून साप सरपटतोय असं वाटावं.

प्रयोगशाळेत तिचा मान वेगळाच. उंदरांना उलटी करता येत नाही, हिला येते. त्यामुळे बस लागणं किंवा कॅन्सरच्या औषधांनी होणारी मळमळ अभ्यासायला संशोधक हिला पाळतात.

अंगावर पिसवा आणि रोगजंतू असू शकतात, तेव्हा हातात घेऊ नका. पण उंदराचं औषध ठेवण्याआधी सकाळी कोपऱ्यात पाहा. तिथं झुरळांचे नुसते पंख पडलेले असतील.