बिनकाट्यांचा निवडुंग आणि जुना हिशेब

केंद्राच्या भूसंसाधन विभागाने पाणलोट विकासाच्या कार्यक्रमात बिनकाट्यांच्या निवडुंगाला मानाचे स्थान दिले, सांगली-सोलापूरकडच्या माळांवर सिमेंटच्या खांबांना बिलगलेल्या ड्रॅगन फ्रूटच्या बागा अनुदानाच्या आधाराने वाढल्या, आणि गुजरात सरकारने २०२१ साली त्या फळाचे ‘कमलम’ असे नामकरणही केले. या वार्ता वाचकांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांची उजळणी करीत नाही. परंतु ज्या कुळाचा आज हा सत्कार चालला आहे, त्याच कुळातील एका वनस्पतीने शंभर वर्षांपूर्वी दक्षिणेतील रयतेच्या जमिनी कशा गिळल्या, आणि तिचा बंदोबस्त अखेर कोणी केला, ते दप्तर पुन्हा उघडण्याची हीच वेळ आहे.

आपल्या डोंगरउतारांवर पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला तीनधारी निवडुंग, किंवा ज्याच्या चिकात भिजवलेल्या दोऱ्याने वैद्य क्षारसूत्र सिद्ध करतात तो साबर, हे दिसायला कितीही काटेरी आणि मांसल असले तरी एरंडाच्या कुळातले आहेत. मोडल्याबरोबर त्यांतून पांढरा चीक वाहतो. खऱ्या कॅक्टसच्या अंगी हा चीक बहुधा नसतो, आणि त्याचे काटे लवदार, गादीसारख्या बारीक ठिपक्यांतून उगवतात. हे संपूर्ण कुळ अमेरिका खंडांचे आहे. अपवाद एकच: झाडांवर लोंबणारी, पांढऱ्या इवल्या फळांची ऱ्हिप्सॅलिस ही वनस्पती आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतही रानोमाळ आढळते. म्हणजे आपल्या कुंपणांवरचा फड्या निवडुंग, ज्याची तांबडी बोंडे मातीत घोळून, कूस काढून मुले खातात, तो या भूमीत पाहुणा म्हणून आला आणि घरधनी होऊन बसला.

या पाहुण्याच्या मागोमाग जो कीटक आला, त्याची हकीकत अधिक उद्बोधक आहे. तांबड्या किरमिजी रंगाचा मक्ता अठराव्या शतकात स्पेनच्या हाती होता आणि तो रंग निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील किड्यापासून निघत असे; मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी कंपनी सरकारच्या आश्रयाने निवडुंगाचा मळाही लावला होता. १७९५ साली कॅप्टन नीलसन यांनी रिओ द जानेरोहून किडे बंगालमध्ये आणले. पण ते अस्सल किरमिजी किडे नव्हते, त्यांचे रानटी भाऊबंद होते. त्यांच्यापासून रंग निकृष्ट निघाला. मात्र त्यांनी निवडुंगाच्या एका जातीचा असा फडशा पाडला की पुढे १८३६ ते १८३८ च्या सुमारास तेच किडे मुद्दाम दक्षिणेत नेण्यात आले. तणाच्या निर्मूलनासाठी कीटक वापरण्याचा जगातील हा पहिला प्रयोग मानला जातो, आणि त्याची सुरुवात मात्र व्यापाराच्या हव्यासातून, अजाणता झाली होती.

दुसऱ्या जातीला, म्हणजे पिवळ्या फुलांच्या डिलेनी निवडुंगाला, या किड्यांनी स्पर्शही केला नाही. ती जात पडीत जमिनी, गायराने, ओढ्यांचे काठ आणि गावकुसाभोवतालची मोकळी जागा व्यापीत गेली. पान तुटून पडले की मूळ धरते, आणि बोंड खाणारा पक्षी बी दूरवर नेऊन टाकतो. तिच्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा कोचिनील किडा आणण्यात आला, आणि पाचसहा वर्षांच्या अवधीत दक्षिण भारतातील सुमारे ४०,००० हेक्टर क्षेत्र मोकळे झाले. तो किडा आजही आपल्याबरोबर आहे. फड्याच्या पानावर कापसाचे पिंजलेले पुंजके दिसले तर एक पुंजका नखाने चिरडून पाहावा. बोटावर गडद तांबडा रंग उतरतो. त्या पांढऱ्या मेणकट आवरणाखाली मादी एका जागी सोंड खुपसून आयुष्यभर रस शोषीत बसते, पान सुरकुतते, पिवळे पडते आणि गळते.

आता नव्या लागवडीचा विचार करू. ड्रॅगन फ्रूटची मला चिंता वाटत नाही. रात्री फुलणारी ती वेल खांब, छाटणी, खत आणि उन्हाळ्यातील सावली यांच्यावाचून नीट फळत नाही. माणसाचा हात सुटला की ती मागे पडते. बिनकाट्यांच्या निवडुंगाची गोष्ट निराळी. त्याची महती यथार्थ आहे: रंध्रे रात्री उघडून तो दिवसाचे पाणी वाचवतो, पडीत जमिनीत तगतो, आणि चाऱ्याचा दुष्काळ पडला की शेळ्यामेंढ्यांना ओलाव्यासह खाद्य पुरवतो. जोधपूरच्या काझरी संस्थेने आणि उरुळीकांचनच्या बाएफने त्यावर केलेले काम मोलाचे आहे.

पण दक्षिण आफ्रिकेचा अनुभव विसरून चालणार नाही. तेथे हीच जात लागवडीतून सुटली, बियांपासून उगवलेल्या रोपांना पुन्हा काटे आले, आणि लाखो हेक्टर चराऊ कुरणे व्यापून बसली. १९३० च्या दशकात पतंग आणि कोचिनील किडे सोडूनच तिला आवरावे लागले. याच्या उलट मोरोक्कोत २०१४ पासून त्याच कोचिनील जातीने शेतकऱ्यांच्या लागवडीचा विध्वंस केला. या किड्याचे प्रकार निरनिराळ्या यजमानांवर जगतात. आपल्याकडे आलेला प्रकार डिलेनीसाठी आणला होता, म्हणून तो नव्या पिकाला त्रास देणार नाही, असे गृहीत धरणे मला धाडसाचे वाटते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. हा निवडुंग अवश्य लावावा, परंतु गायरानावर सोडून देण्याची वनस्पती म्हणून नव्हे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तो उभा राहील, त्याच्या नावे त्याची नोंद असावी, कापणी आणि चराई यांची जबाबदारी ठरलेली असावी, आणि जनावरांनी खाऊन उरलेली फळे बीसकट इतस्ततः पडू नयेत यावर देखरेख असावी. रोपे वाटण्यापूर्वी येथील कोचिनील किडा त्यावर कितपत पोसतो याची चाचणी आपल्याच कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर व्हावी. कॅक्टसने दक्षिणेत जे नुकसान केले, त्यात दोष वनस्पतीचा नव्हता. ती कोणाचीच नसलेल्या जमिनीत, कोणाचीही जबाबदारी न मानता वाढू दिली गेली, हे त्या नुकसानीचे मूळ होते. अनुदानाच्या शासन निर्णयात लागवडीच्या हेक्टरांबरोबर तिच्या निगेचा आणि निर्मूलनाचा खर्चही लिहिला गेला, तरच हा प्रयोग शेतकऱ्याच्या हिताचा ठरेल.