नातवंडाच्या गुडघ्याची सोनोग्राफी

आई-वडील सकाळच्या पाळीसाठी सातपूर-अंबडकडे निघून जातात आणि चार-पाच वर्षांच्या नातवंडाला उठवणे, न्हाऊ-माखू घालणे, शाळेच्या रिक्षापर्यंत पोहोचवणे ही कामे आजी-आजोबांच्या वाट्याला येतात. पंचवटीतील पुष्कळ घरांचा दिनक्रम हाच आहे. म्हणूनच हा लेख आई-वडिलांपेक्षाही आपल्यासाठी अधिक लिहीत आहे. ज्या आजाराविषयी सांगायचे आहे, तो सकाळी दिसतो आणि दुपारपर्यंत बहुतेक लपतो. संध्याकाळी कामावरून परतलेल्या आईला मूल अंगणात पळताना दिसते, आणि सकाळी ते लंगडत होते हे तिला खरेच वाटत नाही.

संधिवात हा म्हातारपणाचा आजार, अशी आपली समजूत आहे. लहान मुलांनाही तो होतो, आणि तो मोठ्यांच्या संधिवातापेक्षा वेगळा असतो, हे लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी 1897 मध्येच सविस्तर मांडले होते. सोळाव्या वाढदिवसापूर्वी सुरू झालेली, निदान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरे कोणतेही कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. सोप्या भाषेत बालसंधिवात. आपल्या गुडघ्यातील कूर्चा वयोमानाने झिजलेली असते. मुलाच्या गुडघ्यात झीज नसते. तेथे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजते, जाड होते आणि सांध्यात पाणी साठते. आपला गुडघा सकाळी बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. या मुलांचा ताठरपणा त्याहून अधिक वेळ टिकू शकतो.

यातली खरी अडचण अशी की लहान मूल ‘दुखते’ असे म्हणतेच असे नाही. ते मांडी घालायचे टाळते, जिना एकेक पायरी धरून उतरते, रामकुंडाच्या घाटावर उचलून घे म्हणून हट्ट धरते. आपल्याला तो लाड वाटतो. कधी ‘पडला असेल’ म्हणून गुडघा चोळला जातो, मुरगळ काढणाऱ्याकडे नेले जाते. रक्ततपासणी करावी, तर तीही अनेकदा साफ येते. आरए फॅक्टर बहुसंख्य मुलांत निगेटिव्हच असतो. ईएसआरसुद्धा नेहमीसारखा असू शकतो. एक्स-रेमध्ये हाड दिसते, पण कूर्चा आणि अस्तर दिसत नाही. आणि लहान मुलाच्या सांध्याचा बराचसा भाग अजून कूर्चेचाच असतो. म्हणजे ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ या वाक्याने समाधान मानण्याचे कारण नाही.

येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. ही चिठ्ठी लिहिली की समोरच्या आजींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सोनोग्राफी, आणि ती मुलाच्या गुडघ्याची? आपल्या मनात हे यंत्र गरोदरपणाशी आणि भिंतीवरच्या ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीशी जोडलेले आहे. परंतु यंत्राला काय, ध्वनिलहरी पाठवायच्या आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र काढायचे, एवढेच ठाऊक. सांध्यासाठी अधिक उच्च कंपनांचा, चपटा प्रोब वापरतात. तो खोलवर पाहू शकत नाही, पण त्वचेखालचे दोन-तीन सेंटिमीटर फार बारकाईने दाखवतो. मुलांचे सांधे वरवरच असल्याने तेवढे पुरते.

पडद्यावर पाणी काळे दिसते. सुजलेले अस्तर करड्या, जाड पट्ट्यासारखे दिसते. डॉप्लर सुरू केल्यावर त्या अस्तरातील वाढलेला रक्तप्रवाह रंगीत ठिपक्यांत उमटतो. तो दाह चालू असल्याची खूण मानला जातो. हाताने चाचपून जी सूज लागत नाही, तीही कधी कधी अशी सापडते. घोट्यात तर हे विशेष महत्त्वाचे, कारण वरून एकच वाटणाऱ्या घोट्यात अनेक लहान सांधे आणि स्नायूबंध असतात, आणि सूज नेमकी कशात आहे हे बोटांना नेहमी कळत नाही. सांध्यात इंजेक्शन द्यायचे ठरले, तर सुई योग्य जागी पोचली की नाही, हेही पडद्यावर पाहता येते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी 2015 मध्ये बालसंधिवातासाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात दाह ओळखण्यासाठी नुसत्या हाताच्या तपासणीपेक्षा सोनोग्राफी आणि एमआरआय सरस असल्याचे नमूद आहे.

तरीही हे यंत्र सर्वज्ञ नव्हे. पाठीचा कणा, कमरेमागचे सांधे येथे त्याची दृष्टी पोहोचत नाही; जबड्याच्या सांध्यातही ते अपुरे पडते. तेथे एमआरआयच लागतो. शिवाय वाढत्या मुलाच्या कूर्चेत निरोगी अवस्थेतही रक्तवाहिन्या असतात. डॉप्लरवर त्यांचेही रंगीत ठिपके उमटतात, आणि मुलांच्या सांध्यांची सवय नसलेल्या डोळ्यांना तो आजार वाटू शकतो. उलट, सांध्यात पाणी दिसले म्हणजे बालसंधिवातच, असेही नाही. सर्दी-तापानंतर खुब्यात पाणी येऊन मूल आठवडाभर लंगडते आणि बरे होते. पावसाळ्यात चिकुनगुनियाने सांधे धरतात. क्षयरोगही एखादाच गुडघा फुगवू शकतो. यंत्र पाणी दाखवते. ते कशाचे, हे सांगत नाही. म्हणून अहवाल हातात पडताच मोबाइलवर शोधत बसू नये. तो मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच वाचावा.

थोडे कायद्याविषयी. गर्भलिंग निदानावर महाराष्ट्राने 1988 मध्येच कायदा केला, पुढे 1994 मध्ये देशाचा कायदा आला. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, मग त्यावर फक्त गुडघेच का पाहायचे असेनात. हे बंधन आवश्यक होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र परदेशात संधिवाततज्ज्ञ आपल्या टेबलाशेजारचे यंत्र ओढून जसा लगेच सांधा पाहतो, तसे येथे सहसा घडत नाही. आपल्याला वेगळ्या केंद्रात जावे लागते. म्हणून चिठ्ठीवर कोणता सांधा आणि कशासाठी, हे लिहून घ्यावे, आणि मुलांच्या सांध्यांची तपासणी तेथे नेहमी होते का, हे आधी विचारावे. नाशकात तशी सोय जुळली नाही, तर मुंबई-पुण्यात बालसंधिवाताचे तज्ज्ञ आहेत. एक खेप करावी.

तपासणीची धास्ती नको. उपाशी राहायचे नाही, लघवी तुंबवायची नाही, सुई नाही, भूल नाही, किरणोत्सर्ग नाही. मूल आपल्या मांडीवर बसलेले चालते. जेल थंड लागते, तेवढ्यापुरते ते कुरकुरते. दोन्ही बाजूंचे सांधे तुलनेसाठी पाहतात, म्हणून चड्डी सैल असावी.

निदान झाल्यावर औषध अनेकदा मेथोट्रेक्सेट असते. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी द्यायचे. रोज दिल्यास विषबाधा होते. कॅलेंडरवर तो वार लाल शाईने लिहून ठेवावा. सूज उतरली की ‘आता कशाला औषध’ असे घरात म्हटले जाते. बाहेरून सपाट दिसणाऱ्या सांध्यात डॉप्लरला दाह दिसू शकतो. त्यामुळे औषध केव्हा थांबवायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. आणि वाताच्या बेनामी पुड्या मुलाला कदापि देऊ नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. उपचाराविना राहिलेल्या गुडघ्याचा पाय वाढलेल्या रक्तपुरवठ्याने दुसऱ्यापेक्षा लांबही होऊ शकतो.

रात्री दोन्ही पिंढऱ्या दुखून मूल रडते, पण सकाळी हुंदडते, तेव्हा त्या बहुधा वाढीच्या वेदना असतात. ताप, लालबुंद सांधा आणि पाय टेकवेनासा होणे, असे एकत्र दिसल्यास मात्र सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. सांध्यात पू झाला असू शकतो.

एक गोष्ट सोनोग्राफीच्या कक्षेबाहेरची आहे, पण तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. बालसंधिवातात डोळ्याच्या आतही दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि नजर मात्र जाऊ शकते. गुडघा बरा असला तरी नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पखाली डोळे तपासून घ्यावेत. किती महिन्यांनी, ते डॉक्टर सांगतील. बहुतेक मुलांना सुरुवातीची काही वर्षे तीन ते सहा महिन्यांनी जावे लागते.