यादीतून गेलेलं मूल

दिवाळी सरली की पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं कुणी वीटभट्टीवर, कुणी कोळसा पाडायला घाटावर, थेट कर्नाटकापर्यंत जातात. परततात ती आगोटीला. मधल्या काळात अंगणवाडीतली कुपोषित मुलांची यादी आखूड झाली, तर वरच्या बैठकीत हायसं वाटणं साहजिक आहे. पण नाव गेलं ते मूल सुधारलं म्हणून, की मूलच गावातून गेलं म्हणून, हे नुसत्या बेरजेतून कळत नाही. २०२१मध्ये आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपमध्ये मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवता येते. त्यासाठी कुटुंब कुठे निघालं, हे मात्र सेविकेला कळायला हवं.

आकडा वाढला म्हणजे सेविकेचं काम ढिलं, हा समजही तितकाच घट्ट. वाडीवर जाऊन एकेक मूल तपासलं, तर आकडा आधी वाढणारच. त्यावर नोटीस काढणारा साहेब पुढच्या महिन्यात खोटी वजनं स्वतःच मागवून घेतो, असं म्हणायला हरकत नाही.

वजन कमी म्हणजे मूल ‘सॅम’ (तीव्र कुपोषित), हेही खरं नाही. वयाच्या मानाने कमी वजन ही वेगळी नोंद. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचं तीव्र कुपोषण ठरतं ते उंचीच्या मानाने वजन फारच घटलं असेल, दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर. त्यामुळे अंदाजाने लिहिलेली उंची घातक. दोन-तीन सेंमी कमी लिहिली, की हडकुळं मूलही कागदावर धडधाकट ठरू शकतं.

जन्मनोंदीबद्दल तर गैरसमजांचा सुकाळ. घरी बाळंतपण झालं तर दाखला मिळत नाही, असं अजून ऐकू येतं. १९६९च्या कायद्यानुसार घरातल्या जन्माची खबर कुटुंबप्रमुखाने द्यायची असते. २१ दिवसांत दिली तर विलंब शुल्क नाही. वर्ष उलटलं तरी जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या आदेशाने नोंद होते, खेपा तेवढ्या वाढतात. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

आणि भट्टीवर जन्मलेल्या बाळाची नोंद आपल्या गावी होत नाही. जन्म जिथे झाला, तिथल्याच निबंधकाकडे ती करावी लागते. म्हणजे आगोटीला पेणला परतण्याआधी भट्टीजवळच्या ग्रामपंचायतीत एक खेप.