खेळामुळें यंत्र कीं यंत्रामुळें खेळ ?

ग्रामोफोन घरांत आहे, पण तबकडी एकहि नाहीं, अशी स्थिति असेल तर त्या पेटीचा उपयोग शोभेपलीकडे होत नाहीं. दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडून व्हिडिओ गेम खेळावयाचें जें यंत्र, ज्याला कन्सोल असें म्हणतात, त्याची गोष्ट अगदीं अशीच आहे. यंत्र हें करमणुकीचें केवळ साधन. खरी करमणूक खेळांत. म्हणूनच नवें यंत्र बाजारांत आणणारी प्रत्येक कंपनी त्याच्याबरोबर एक तरी असा खेळ आणूं पाहते कीं, जो दुसऱ्या यंत्रावर मिळूं नये, आणि ज्याच्या ओढीनें गिऱ्हाइकानें यंत्रच विकत घ्यावें. असा एक खेळ यंत्राचें नशीब काढतो, हें मत या व्यापारांत बहुतेकांना मान्य आहे. तें कोठवर खरें, याविषयीं मात्र वाद आहे.

या मताला पहिला भक्कम आधार १९८० सालीं मिळाला. अमेरिकेंतील अटारी कंपनीचें यंत्र १९७७ पासून विक्रीस होतें. जपानांत टायटो कंपनीसाठीं तोमोहिरो निशिकादो यांनीं १९७८ मध्यें रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तोंपर्यंत लोक सार्वजनिक ठिकाणीं नाणें टाकून खेळत असत. अटारीनें रीतसर हक्क घेऊन तो घरच्या यंत्रावर आणतांच यंत्राचा खप झपाट्यानें वाढला. पुढें १९८९ मध्यें निन्टेंडो कंपनीनें ‘गेम बॉय’ हें हातांत धरून खेळावयाचें लहानसें यंत्र काढलें, व अमेरिकेंत त्याच्यासोबत सोव्हिएट रशियांतील अलेक्सेई पाजित्नोव यांचा ‘टेट्रिस’ हा खेळ दिला. मुलांसाठीं म्हणून समजलें जाणारें यंत्र त्या खेळामुळें वडील माणसांच्याहि हातीं गेलें.

याहून बोलका दाखला २०१७ चा आहे. त्या वर्षीं ३ मार्च रोजीं निन्टेंडोचें ‘स्विच’ हें यंत्र आणि ‘झेल्डा’ मालिकेंतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ एकाच दिवशीं बाजारांत आले. मार्चअखेरच्या हिशेबांत जगभर विकलेलीं यंत्रें भरलीं २७ लक्ष ४० हजार. आणि त्या यंत्रासाठीं काढलेल्या खेळाच्या प्रती भरल्या २७ लक्ष ६० हजार! यंत्रांपेक्षां प्रती अधिक, हें प्रथमदर्शनीं कोड्यासारखें वाटतें. अमेरिकेंतील अशाच आकड्यांबद्दल कंपनीनें असा खुलासा केला होता कीं, कांहीं हौशी लोकांनीं एक विशेष आवृत्ति संग्रहासाठीं व दुसरी प्रत खेळण्यासाठीं घेतली असावी. कसेंहि असो, यंत्र घेणाऱ्या बहुतेकांनीं हा खेळ घेतला, हें उघड आहे.

आतां दुसरी बाजू. निन्टेंडोच्याच ‘वी यू’ या आधींच्या यंत्रासाठीं २०१४ मध्यें ‘मारिओ कार्ट ८’ हा शर्यतीचा खेळ निघाला. त्याच्या सुमारें ८४ लक्ष ६० हजार प्रती खपल्या, आणि तें यंत्र एकंदर विकलें गेलें १ कोटि ३५ लक्ष ६० हजार. म्हणजे दर पांच यंत्रांमागें तीन प्रती. ज्यांच्याजवळ यंत्र होतें त्यांनीं खेळाचा आदरच केला. परंतु ज्यांच्याजवळ तें नव्हतें, अशा पुरेशा लोकांना तो खेळ यंत्राकडे ओढूं शकला नाहीं. तोच खेळ थोडी भर घालून २०१७ मध्यें स्विचवर आला, आणि तेथें त्याच्या ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या. खेळ तोच, बदललें तें यंत्र. येथें यंत्रानें खेळाला हात दिला, असेंच म्हणावें लागतें.

या वादाला २०२५ मध्यें नवें निमित्त मिळालें. ५ जून रोजीं ‘स्विच २’ हें यंत्र ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या खेळासह निघालें. महिनाअखेर यंत्रें ५८ लक्ष २० हजार, आणि यंत्रासोबत दिलेल्या प्रती धरून खेळ ५६ लक्ष ३० हजार, असा हिशेब कंपनीनें प्रसिद्ध केला. वरवर पाहतां खेळानेंच यंत्र विकलें असें वाटेल. परंतु आरंभींची अमेरिकेंतील किंमत पाहावी : नुसतें यंत्र सुमारें ४५० डॉलर, नुसता खेळ सुमारें ८०, आणि दोन्ही एकत्र घेतल्यास सुमारें ५००. जोडीनें घेणाऱ्यास खेळ ५० डॉलरांनाच पडे. तेव्हां खेळाच्या प्रेमानें यंत्र घेतलें, कीं यंत्र घ्यावयाचेंच होतें म्हणून स्वस्तांत मिळणारा खेळ पदरांत पाडून घेतला, हें या आकड्यांवरून ठरत नाहीं. दोन वस्तु बरोबर खपल्या एवढ्यावरून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. त्यासाठीं किंमत न बदलतां केवळ खेळ निघाल्यानें यंत्राचा खप किती वाढला, व तो किती काळ टिकला, हें पाहिलें पाहिजे.

हा वाद केवळ जमाखर्चाचा नाहीं. यंत्र पुरेसें खपलें नाहीं तर इतर रचनाकार त्यासाठीं खेळ करीत नाहींत. खेळ नाहींत म्हणून गिऱ्हाईक येत नाहीं. आणि गिऱ्हाईक नाहीं म्हणून उरलेसुरले रचनाकारहि पाठ फिरवितात. एक नामांकित खेळ हें चक्र उलटें फिरविण्यास आरंभ करून देतो, हें त्याचें खरें सामर्थ्य. पुढची गति मात्र त्याच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खेळावर अवलंबून असते. एका खेळावर मोहून यंत्राची मोठी किंमत मोजणाऱ्या गृहस्थानेंहि हेंच ध्यानांत ठेवावें : तो पहिला खेळ संपल्यावर यंत्रावर लावावयास आणखी काय मिळणार आहे, याची चौकशी पैसे देण्यापूर्वीं केलेली बरी.